हातची भेट : नाताळनिमित्त शाळेत करावयाच्या वस्तू

प्राथमिक शाळेत हस्तकामाच्या तासाला मुले ज्या वस्तू करतात त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कागदाची होडी, मातीचे फळ, रंगीत तोरण यांवर शिक्षक शेरा देतात. वस्तू काही दिवस कपाटावर राहतात आणि पुढच्या झाडलोटीत नाहीशा होतात. जी वस्तू कोणासाठीच केलेली नसते तिच्याविषयी मुलालाही ममत्व वाटत नाही. तीच वस्तू अमक्या मित्रासाठी, त्याची अमुक नड ध्यानात घेऊन करावयास सांगितली, म्हणजे मुलाचा हात सावध चालतो, चुकलेली घडी तो आपण होऊन पुन्हा घालतो. हस्तकामाला असा हेतू देण्याची उत्तम संधी डिसेंबर महिन्यात नाताळच्या निमित्ताने मिळते. महाड व पोलादपूर तालुक्यांतील शाळांना ही संधी विशेष उपयोगाची कशी आहे आणि तिचा लाभ कसा घ्यावा, याचा विचार येथे केला आहे.

सणाची ओळख

नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. पगार, चावी, साबण हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने हाही आला आणि आता तो घरचाच झाला आहे. येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव म्हणून २५ डिसेंबरला हा सण पाळतात. तो आपल्या जिल्ह्याला परका नाही. मुरूड तालुक्यातील कोर्लई या गावी ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती असून पोर्तुगीजापासून निर्माण झालेली एक वेगळी बोली तेथे आजही घरोघर बोलली जाते. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात तर नाताळ हा वर्षाचा मोठा सण होय. गोव्यात या दिवसांत नेवऱ्या, कुलकुल, दोदोल असे पदार्थ घरी करून त्यांचे ताट शेजाऱ्यांकडे पाठविण्याची चाल आहे. शेजारी हिंदू असला तरी ताट जाते, आणि चतुर्थी-दिवाळीला तिकडूनही ताट येते. आपल्या नेवऱ्या व करंज्या या बहिणीच आहेत, हे मुलांना सांगितले तर सण त्यांना आपोआप जवळचा वाटेल.

येथे एक शंका संभवते. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत एखाद्या धर्माचा सण कसा घ्यावा? भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. धार्मिक शिक्षण देणे निराळे आणि सणाची ओळख करून देणे निराळे. पूजा, प्रार्थना वा उपासनेचा भाग शाळेत आणू नये. सण कोणाचा, तो का पाळतात आणि त्या दिवशी माणसे परस्परांना काय देतात, एवढे सांगावे व भेट देण्याचा भाग उचलावा. दिवाळीचा कंदील, ईदचा शिरखुर्मा आणि नाताळची भेट या तिन्हींची ओळख मुलांना शाळेतच व्हावी, यात गैर काही नाही.

महाड आणि डिसेंबर महिना

महाडच्या शिक्षकांना २५ डिसेंबर ही तारीख आणखी एका कारणाने परिचित आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. तळ्यासंबंधीचा न्यायालयीन वाद पुढे दहा वर्षे चालला व १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाल लागला. त्या लढ्याच्या मुळाशी एका दृष्टीने हाताचाच प्रश्न होता. कोणाच्या हाताने पाणी बाटते असे मानावयाचे, आणि कोणाच्या हातचे घ्यावयाचे नाही, याचे नियम समाजाने घालून दिले होते.

नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ डिसेंबरला, साने गुरुजींची जयंती येते. त्यांचा जन्म १८९९ साली पालगड येथे झाला. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली त्यांनी उपोषण केले, हे शिक्षकांस ठाऊकच आहे. २५ तारखेस शाळेला सुट्टी असते. यास्तव भेटी देण्याचा कार्यक्रम २४ तारखेस ठेवणे सोयीचे आहे. दोन्ही दिवसांचा अर्थ मुलांना एका वाक्यात सांगता येईल : एकाने आपल्या हाताने केलेली वस्तू दुसऱ्याने आनंदाने आपल्या हातात घ्यावी.

हस्तकामाचा हेतू

फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहामुळे १८६६ साली ग्रामीण शाळांतील मुलग्यांना हस्तकाम सक्तीचे झाले. पुढे शेजारच्या स्वीडनमध्ये ओट्टो सालोमोन याने शिक्षकांसाठी हस्तकामाचे वर्ग चालविले. मुलाने केलेली वस्तू घरात खरोखर वापरता आली पाहिजे, निव्वळ शोभेची वस्तू करून काम भागत नाही, असा त्याचा कटाक्ष होता. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना देशापुढे मांडली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले, आणि पाने, बिया, शंख, काड्या अशा परिसरातील वस्तूंवर मुलांचे शिक्षण उभे करता येते हे दाखवून दिले.

याच्या उलट बाजूचा एक दाखलाही लक्षात घेण्यासारखा आहे. नाताळचे छापील शुभेच्छापत्र प्रथम १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थाने काढविले. पुष्कळ लोकांना निरनिराळी पत्रे लिहिण्यास त्याला सवड नव्हती, म्हणून सर्वांना एकच चित्र व एकच मजकूर पाठविण्याची युक्ती त्याने योजली. सवड नसलेल्या माणसाची ती सोय होती. मुलांपाशी पैसा नसतो, पण सवड असते. म्हणून त्यांनी एकेका माणसासाठी निराळी वस्तू करावी हेच योग्य.

भेट कोणी कोणास द्यावी

वर्गातील सर्व मुलांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून प्रत्येकाने एक उचलावी. स्वतःचेच नाव आल्यास चिठ्ठी परत टाकावी. ज्याचे नाव येईल त्याच्यासाठी भेट करावयाची आणि ते नाव २४ तारखेपर्यंत कोणास सांगावयाचे नाही. या पद्धतीत प्रत्येक मुलाला एक भेट मिळते व प्रत्येकाला एक करावी लागते. आवडत्या मित्राला भेट द्या असे मोघम सांगितले, तर दोन-तीन मुलांपुढे भेटींचा ढीग पडतो आणि काहींचे हात रिकामे राहतात. ज्याचा हात रिकामा राहतो तो मुलगा तो दिवस विसरत नाही.

एकदा निघालेली चिठ्ठी शिक्षकाने बदलून देऊ नये. बदलाची मागणी क्वचित मुलाकडून, क्वचित घरून येईल. मागणीमागे केवळ रुसवा असेल तर समजूत घालावी. जात, धर्म वा परप्रांत हे कारण असेल तर सौम्य शब्दांत, परंतु ठामपणे नकार द्यावा. या उपक्रमाचा सर्वांत मोठा उपयोग अशाच प्रसंगी आहे.

बिरवाडी, जिते आणि औद्योगिक वसाहतीलगतच्या इतर गावांतील शाळांत अन्य राज्यांतून आलेल्या कामगारांची मुले असतात. ती वर्षाच्या मध्येच दाखल होतात व मराठी बोलण्यास बुजतात. दुसरीकडे, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या व कोळशाच्या कामावर बाहेर पडतात आणि त्यांची मुले डिसेंबरात वर्गात दिसत नाहीत. नव्या मुलाची चिठ्ठी घातलीच पाहिजे, आणि गावाबाहेर गेलेल्या मुलाचीही घालावी. त्याची भेट नाव लिहून कपाटात ठेवावी. तो परत येईल त्या दिवशी वर्गात आपली आठवण होती याचा पुरावा त्याच्या हातात पडेल, आणि शाळेत टिकून राहण्यास एवढे कारणही कधीकधी पुरते.

करण्यापूर्वी पाहणे

चिठ्ठी निघाल्यावर लगेच कात्री हाती देऊ नये. एक आठवडा मुलांनी आपल्या सोबत्याकडे नुसते पाहावे. पाहण्यासाठी चार प्रश्न फळ्यावर लिहून द्यावे :

१. त्याचे कोणते सामान सतत हरवते किंवा मोडते?
२. मधल्या सुट्टीत तो काय करतो?
३. त्याला कोणते काम इतरांपेक्षा चांगले येते?
४. त्याला कशाची अडचण होते?

उत्तरे वहीच्या मागच्या पानावर दोन-दोन ओळींत लिहावीत. सोबत्यास प्रत्यक्ष विचारण्यास बंदी असावी. भेट त्या एका व्यक्तीची ठरते ती या पाहण्यामुळे. ज्याच्या पेन्सिली हरवतात त्याला पिशवी, जी मुलगी वाचताना पानाचा कोपरा मुडपते तिला वाचनखूण, असे उत्तर मुलांना आपोआप सुचते. एखाद्याच्या ध्यानात येईल की सोबती डावखुरा आहे आणि वहीच्या मधल्या शिवणीमुळे त्याचा हात अडखळतो. अशा मित्रासाठी वरच्या बाजूने उघडणारी वही शिवावी. निरीक्षण व लेखन या दोन्ही विषयांचा अभ्यास यात होतो, हे निराळे सांगावयास नको.

वस्तू व त्यांची कृती

पुढील वस्तूंना विकतचे साहित्य फार थोडे लागते. मुलांकडून पैसे अगर विकत आणलेले सामान मागू नये.

पानाच्या ठशाचे शुभेच्छापत्र (इयत्ता १ ली व २ री). ५६ × ७६ सेंटिमीटरच्या चित्रकलेच्या एका पूर्ण कागदाचे आठ समान भाग केल्यास प्रत्येक तुकडा १९ × २८ सेंटिमीटरचा होतो. तो मधोमध दुमडला की एक पत्र तयार होते. बत्तीस मुलांच्या वर्गाला चार कागद पुरतात. ठळक शिरांचे ताजे पान घेऊन त्याच्या मागील बाजूस रंगाचा पातळ हात द्यावा. रंग नसल्यास गेरू पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालावा. पान कागदावर पालथे ठेवून वर रद्दी कागद घालावा, तळहाताने दाबावे आणि देठ धरून सरळ वर उचलावे. रंग जास्त झाल्यास शिरा उमटत नाहीत, म्हणून पहिला ठसा रद्दीवर घ्यावा. आत मुलाने स्वतःच्या अक्षरात सोबत्याविषयी एक खरे वाक्य लिहावे. सोबत्याच्या घरची भाषा उडिया किंवा बंगाली असेल तर त्याचे नाव मराठीत व त्या लिपीतही लिहावे. लिपीचा नमुना त्याच्या भावंडाकडून गुपचूप मिळविता येतो.

भाताच्या काडीची वाचनखूण (इयत्ता ३ री व ४ थी). मळणीनंतर पेंढा सर्वत्र मिळतो. गाठी टाळून लांब व स्वच्छ काड्या निवडाव्यात, अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, नखाने उभ्या चिराव्यात आणि जड पुस्तकाखाली सपाट कराव्यात. रद्दी कागदावर खळ लावून या पट्ट्या शेजारी शेजारी चिकटविल्या म्हणजे सोनेरी पत्रा तयार होतो. त्याच्या मागून चांदणी, पक्षी किंवा सोबत्याच्या नावाचे पहिले अक्षर आखून कापावे व ५ × १५ सेंटिमीटरच्या काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवावे. मागून अक्षर काढताना ते उलटे काढावे लागते. भूमितीतील प्रतिबिंबाचा पाठ येथे सहज होतो. खळ रोज ताजी करावी. ती टिकावी म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामात ती वर्ज्य करावी.

टिपणवही (इयत्ता ५ वी). जुन्या वह्यांतील कोरी जोडपाने काढून आठ एकात एक घालावीत व जाड कागदाचे वेष्टन द्यावे. घडीवर समान अंतराने तीन छिद्रे पाडावीत. सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढावी, वरच्या छिद्रातून आत न्यावी, आतल्या बाजूने मधले छिद्र ओलांडून खालच्या छिद्रातून बाहेर काढावी आणि पुन्हा मधल्या छिद्रातून आत आणावी. दोऱ्याची दोन्ही टोके आतील लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतील अशी घेऊन गाठ मारावी. ही शिवण पाने झिजेपर्यंत सुटत नाही.

पाळीचा तक्ता (इयत्ता ५ वी ते ७ वी). कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या पालकांच्या घरी ही वस्तू फार उपयोगी पडते. जाड पुठ्ठ्यावर सात वारांचे सात खण आखावेत. प्रत्येक खणाच्या खालच्या कडेस कागदाची घडी चिकटवून खिसा करावा. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी व सुट्टी यांसाठी चार रंगांच्या पट्ट्या कापाव्यात व आठवडा बदलला की खिशातील पट्ट्या बदलाव्यात. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असताना घरात आवाज करू नये, हे लहान भावंडालाही रंगावरून कळते. ज्या सोबत्याच्या घरी पाळीचे काम आहे त्याच्यासाठी हा तक्ता करावा व त्यावर त्या घरातील माणसांची नावे लिहावीत.

तारा-कंदील (वरचे वर्ग, गटाने). दिवाळीच्या कंदिलाच्या उरलेल्या कामट्या येथे उपयोगी येतात. ३० सेंटिमीटरच्या पाच कामट्या दोऱ्याने बांधून पंचकोनी तारा करावा. तसाच दुसरा करावा. दोन्ही तारे एकमेकांवर ठेवून पाच टोके बांधावीत. मग आतील पाच छेदांच्या ठिकाणी ८ सेंटिमीटरचे पाच तुकडे दोन ताऱ्यांच्या मध्ये उभे बसवावेत, म्हणजे ताऱ्याला फुगवटा येतो. त्यावर पतंगी कागद लावावा. आत मेणबत्ती मुळीच ठेवू नये. हा कंदील सबंध वर्गाने सबंध गावास द्यावयाची भेट होय. तो शाळेच्या दारात लावावा.

सहकाऱ्यांसाठी

शाळा एकट्या शिक्षकाच्या बळावर चालत नाही. पोषण आहार शिजविणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका आणि मुलांना व शिक्षकांना रोज पोहोचविणारे एस. टी. चे चालक व वाहक हे सर्व सहकारीच आहेत. त्यांच्यासाठी मुलांनी गटाने वस्तू कराव्यात. स्वयंपाकाच्या ताईंच्या डब्यांसाठी मूग, वाटाणा, हळद, जिरे अशा ठळक अक्षरांच्या व चित्रांच्या नावपट्ट्या कराव्यात. सेविकाताईंसाठी जुन्या सुती साडीच्या बाहुल्या शिवाव्यात. वाहकासाठी खिशात मावेल अशी टिपणवही करावी. करवंटीचे पात्र मोठ्या मुलांना जमते : करवंटी काचकागदाने आतबाहेर गुळगुळीत घासावी, खोबरेल तेलाचा हात द्यावा आणि कामटीच्या कड्यावर बसवावी. त्यात मीठ वा मसाला ठेवावयाचा असल्यास रोगण लावू नये.

शिक्षकांनीही परस्परांसाठी काही करावे. पोलादपूरच्या डोंगराळ भागात दोन शिक्षकांच्या शाळा पुष्कळ आहेत, आणि दोघांपैकी एखाद्याचे कुटुंब दूरच्या जिल्ह्यात असते. अशा सहकाऱ्यासाठी नव्या वर्षाची हाताने आखलेली दिनदर्शिका करावी व तीत त्याच्या मुलांचे वाढदिवस, गावची जत्रा आणि घरी जाता येईल अशा जोड सुट्ट्या निराळ्या रंगाने दाखवाव्यात. मुले शिक्षकांकडे पाहून शिकतात. शिक्षक आपल्या सहकाऱ्यासाठी कागद कापीत बसलेले दिसले, तर या कामाचे मोल वेगळे समजावून देण्याची गरज उरत नाही.

घ्यावयाची काळजी

महाडची औद्योगिक वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची आहे. तेथून बाहेर पडलेली पिंपे, गोण्या, आतील प्लास्टिकचे अस्तर, हातमोजे किंवा रंगीत भुकटी कितीही आकर्षक व फुकट असली तरी मुलांच्या हाती देऊ नये. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी भांडी व अस्तरे हीदेखील २०१६ च्या नियमांनुसार घातक कचराच ठरतात, आणि ती धुऊन निर्धोक झाली असे घरच्या घरी ठरविता येत नाही. कारखान्यात वापरलेले कपडेही पिशव्यांसाठी घेऊ नयेत. मुलाने असे सामान आणल्यास त्याला न रागावता ते बाजूस ठेवावे व पालकांना बोलावून कारण सांगावे.

रानातील काही बियाही धोक्याच्या आहेत. लाल-काळी गुंज माळेसाठी मोहक दिसते, परंतु तिच्यातील विष अत्यंत तीव्र आहे; भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज प्राणघातक ठरू शकते. एरंडाची बी आणि मुले खेळावयास घेतात ती पिवळ्या कण्हेरीची बिट्टी याही विषारी आहेत. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस इजा होते. बियाच हव्या असल्यास चिंचोके वापरावेत. कामट्या तासणे व करवंटी कापणे ही कामे मोठ्यांनी करावीत.

वेळेची आखणी

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस चिठ्ठ्या काढाव्यात. दुसरा आठवडा पाहण्यास व साहित्य जमविण्यास द्यावा. तिसऱ्या आठवड्यात हस्तकामाचे चार तास वस्तू करण्यास द्यावेत. पाचवा तास दुरुस्ती, वेष्टन व पत्र लिहिण्यासाठी राखावा. वेष्टनास वर्तमानपत्राचा कागद पुरे आहे. २४ तारखेस (त्या दिवशी रविवार आल्यास आदल्या शनिवारी) मुलांनी गोल करून बसावे. प्रत्येकाने उठून आपल्या सोबत्यास भेट हातात द्यावी आणि ही वस्तू त्याच्यासाठी का निवडली ते एका वाक्यात सांगावे. घेणाऱ्याने ती दोन्ही हातांनी घ्यावी.

उत्तम भेटीला बक्षीस ठेवू नये, भेटींना क्रमांक देऊ नयेत आणि वाकडी वस्तू शिक्षकाने आपल्या हाताने सरळ करून देऊ नये. आजारी पडल्यामुळे किंवा अन्य कारणाने एखाद्याची वस्तू अपुरी राहते. अशा वेळी कोणाचा हात रिकामा राहू नये म्हणून शिक्षकाने दोन-तीन टिपणवह्या स्वतः शिवून तयार ठेवाव्यात.

या कार्यक्रमानंतर वर्गात काय बदलले हे शिक्षकांनी जानेवारी महिन्यात पाहावे. नव्याने आलेल्या मुलाला कोणी नावाने हाक मारते काय, एरवी वेगळी बसणारी मुले एका चटईवर येतात काय, सोबत्याची नड न सांगता ओळखण्याची सवय एखाद्या मुलाला लागली काय, हे पाहण्यासारखे आहे. वस्तू काही महिन्यांत झिजतील. वाचनखुणेवरची काडी निघेल, वहीची पाने संपतील. परंतु दुसऱ्याकडे नीट पाहावयाचे, त्याच्यासाठी काही करावयाचे, आणि कोणाच्याही हातचे मानाने घ्यावयाचे, हे तीन धडे मुलांच्या अंगी मुरले तर डिसेंबरातील ते पाच तास सत्कारणी लागले असे समजावे.